तुमच्या घरात किती तास आहेत?

पत्र असं आहे:

“ताई, आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. सासू-सासरे, मी, नवरा आणि दहा वर्षांची मुलगी. सासऱ्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे. दिवसाचे बरेच तास ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या विजेच्या मशीनवर असतात, मिनिटाला दोन लिटर. सासूबाई इन्सुलिन घेतात. मागच्या वादळात १९ तास वीज नव्हती. इन्व्हर्टर आठ तास चालेल असं बसवणाऱ्याने सांगितलं होतं, तो अडीच तासांत बंद पडला आणि मशीनचा अलार्म सुरू झाला. नवरा अंधारात जिने उतरून सिलिंडर शोधायला गेला, तो पहाटे परतला. तोवर मी मेणबत्ती लावून सासऱ्यांच्या उशाशी बसून होते. मुलगी सारखी विचारत होती, ‘आजोबा श्वास घेतायत ना?’ आता नवरा म्हणतो, बाल्कनीत जनरेटर ठेवू. सासरे म्हणतात, रोज का वादळ येतं? मी कुठून कुठून ८० वस्तूंची यादी उतरवून ठेवलीय, ती बघितली की छाती दडपते. सुरुवात कुठून करू? आणि त्या रात्री माझंच काहीतरी चुकलं, असं सारखं वाटत राहतं.”

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना ‘आठ तास’ या शब्दांवर थांबले. त्या रात्री तुमचं चुकलं नाही. तुम्ही ज्या आकड्यावर विसंबून होतात तो आकडाच तुमच्या घराचा नव्हता. बसवणाऱ्याने दोन पंखे आणि चार दिवे धरून आठ तास सांगितले असणार. कॉन्सन्ट्रेटर त्याच्या हिशेबात नव्हता.

तो हिशेब आधी करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घरोघरी असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी धरा. गुणाकार केला की १८०० वॅट-तास येतात. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी दर वेळी पूर्ण उपसली तर लवकर मरते, म्हणून त्यातली निम्मी वीजच आपली समजायची. त्यातून इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो. हातात उरतात साधारण साडेसातशे वॅट-तास. मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देऊ शकणारा नेहमीचा कॉन्सन्ट्रेटर तीनशे-साडेतीनशे वॅट घेतो. भागाकार करा. दोनच्या थोडं वर ते अडीच तास. तुमचा इन्व्हर्टर बिघडलेला नव्हता, त्याने आपलं काम इमानाने केलं. बॅटरी जुनी असेल किंवा तिच्यात डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलेलं नसेल, तर यापेक्षाही कमी मिळेल. तुमच्या मशीनच्या मागे एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. तो आकडा घेऊन हाच हिशेब स्वतः करा. नवीन इन्व्हर्टर घ्यायची वेळ आलीच तर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाइनच्या विजेसारखी वीज देणारा घ्या आणि दुकानदाराला कॉम्प्रेसरवर चालणारं मशीन लावणार आहोत हे आधी सांगा, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर बरीच जास्त वीज ओढतो.

म्हणून ती ८० वस्तूंची यादी सध्या बाजूला ठेवा. ती कुठल्याच एका घरासाठी केलेली नाही. तुमची यादी माणसांपासून सुरू व्हायला हवी: वीज गेली की घरात सगळ्यात आधी कोणाचे तास मोजायला लागतात? तुमच्याकडे सासऱ्यांचे. त्यांच्यानंतर पाण्याचे, मग फोनचे. इन्सुलिनला तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बराच वेळ आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

सासऱ्यांच्या तासांत भर घालायचा खात्रीचा मार्ग म्हणजे घरात भरलेला सिलिंडर. त्याला वीज लागत नाही. याचाही हिशेब सोपा आहे. दहा लिटर पाणी मावेल एवढा सिलिंडर १५० बार दाबाने भरलेला असेल तर त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. इन्व्हर्टरचे अडीच मिळवले तर पंधरा. असे दोन सिलिंडर असतील तर मागच्यासारखे १९ तास निभावून वर काही तास शिल्लक राहतात. सिलिंडर उभा ठेवायचा आणि भिंतीला किंवा जड कपाटाला साखळीने बांधायचा. आडवा पडून त्याचा व्हॉल्व्ह तुटला तर एवढा दाब एकदम सुटतो, आणि भूकंपात तर न बांधलेली उभी वस्तू पडणारच. व्हॉल्व्हला आणि रेग्युलेटरला तेल, ग्रीस, तेलकट हात लावायचा नाही.

इथे माझ्या घरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझ्या आईसाठी आम्ही असाच सिलिंडर आणून ठेवला होता. चार महिने तो खोलीच्या कोपऱ्यात उभा होता, येता-जाता त्याच्याकडे बघून मला धीर वाटायचा. एका रात्री वीज गेली, आईचं मशीन थांबलं, मी सिलिंडरपाशी गेले आणि माझ्या लक्षात आलं की वरचा व्हॉल्व्ह हाताने फिरत नाही. त्याला चौकोनी भोकाची छोटी चावी लागते. देणाऱ्याने ती दिलीच नव्हती, आणि चार महिन्यांत मी एकदाही विचारली नव्हती. टॉर्च तोंडात धरून मी पक्कडीने तो व्हॉल्व्ह फिरवायला बघत होते आणि पक्कड सारखी घसरत होती. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या पेटीतला पाना बसला. त्या रात्रीनंतर चावी सिलिंडरच्या गळ्याला जाड दोरीने बांधली, ती आई असेपर्यंत तिथेच होती.

तेव्हा सिलिंडर आला की त्याच दिवशी, उजेडात, तो उघडून बघा. रेग्युलेटर बसतो का, नळी पुरते का, फ्लोमीटरची, म्हणजे मिनिटाला किती लिटर सुटतो ते दाखवणाऱ्या नळीतली गोळी दोनच्या रेघेवर ठरते का. हे तुम्हाला आणि तुमच्या मिस्टरांना, दोघांनाही स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. शक्य असेल तर सासूबाईंनाही दाखवून ठेवा. सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा दर महिन्याला बघायचा.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. वीज नसताना सासऱ्यांची ऑक्सिजनची पातळी किती टक्क्यांपर्यंत खाली आलेली चालेल, आणि कुठल्या आकड्याला थेट दवाखान्यात न्यायचं. फुप्फुसाच्या जुन्या आजारात पातळी फार वर नेणंही धोक्याचं असू शकतं. अशा काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात. म्हणून घाबरून फ्लो वाढवायचा नाही. त्यांना उशा लावून किंचित पुढे झुकवून बसवायचं, बोलायला-चालायला लावायचं नाही, आणि ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा बघायचा. त्याचे सेल वेगळे राखून ठेवा.

आता मेणबत्ती. हे लिहिताना मला तुमच्यावर रागवायचं नाहीये, पण स्पष्टच सांगते: ऑक्सिजन सुरू असलेल्या माणसाजवळ मेणबत्ती, काडेपेटी, लायटर, पेटती शेगडी यातलं काहीही नको. तुम्ही सिलिंडरची वाट बघत होतात तेव्हा ऑक्सिजन बंद होता. पण पहाटे सिलिंडर आला आणि नळी लावली, तेव्हा ती मेणबत्ती विझवायचं कोणाला सुचलं होतं का? ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो असेल तिथे बाकी सगळं चटकन पेटतं आणि भडकतं. पांघरूण, उशी, केस, ती प्लॅस्टिकची नळीसुद्धा. नळीमुळे नाक कोरडं पडतं म्हणून तिथे पेट्रोलियम जेली लावायची सवय असेल तर तीही बंद करा, त्याऐवजी पाण्याच्या बेसचं मलम विचारून घ्या. घरातल्या मेणबत्त्या काढूनच टाका. कपाळाला लावायचा एक दिवा आणा, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि दोन टॉर्च. टॉर्चमधले सेल काढून शेजारी ठेवा. आत राहिलेले सेल कधीतरी पाझरतात, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड चढते आणि नेमका हवा तेव्हा टॉर्च लागत नाही.

जनरेटरबद्दल तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या. त्यांची काळजी मला समजते, त्या रात्री ते अंधारात पाच जिने उतरून गेले होते. पण बाल्कनीत जनरेटर अजिबात नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही. दार-खिडकी उघडी ठेवून भागत नाही. जनरेटर घरापासून, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावरच हवा. पाचव्या मजल्यावर ते शक्य नाही. वाद होऊ नये म्हणून त्यांच्यासमोर दुसरा पर्याय ठेवा: सगळ्या इमारतीने मिळून खाली मोकळ्या जागेत एक बसवायचा, पाण्याच्या पंपासाठी आणि एका लिफ्टसाठी. तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच (लाइन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) लावूनच जोडायचा. जनरेटरची वायर थेट घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली तर वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते, आणि बंद लाइन समजून खांबावर चढलेला वायरमन दगावतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इन्व्हर्टर आणि सिलिंडर वेळ देतात, पण त्या वेळेत काय करायचं ते आधी ठरलेलं नसेल तर तो वेळ वाट बघण्यात जातो. मागच्या वेळी तेच झालं. येईल, आत्ता येईल, म्हणत अडीच तास गेले आणि मग धावपळ. म्हणून आज, शांत डोक्याने, निघायची वेळ ठरवा. मी तुमच्या जागी असते तर दोन वेळा ठरवल्या असत्या. पहिली, वीज जायच्या आधीची: मोठ्या वादळाचा किंवा पुराचा इशारा आला की सासऱ्यांना आदल्या दिवशीच, लिफ्ट चालू असताना, मशीनसकट दुसरीकडे हलवायचं. तळमजल्यावर जनरेटर असलेला नातेवाईक असेल, नाहीतर ओळखीचा दवाखाना. त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा, ‘ऐन वेळी येऊ’ असं नको. वादळ, पूर यांची खबर बहुतेक वेळा आधी मिळते, तिचा उपयोग करायचा तो असा. दुसरी वेळ, अचानक वीज गेली तर: हातात निम्मे तास उरले की निघायचं. सगळं मिळून पंधरा तास असतील तर साडेसात तास झाले की हालचाल सुरू. तेव्हा वीज ‘येतेच आहे’ असं कोणीही म्हणो.

निघायचं म्हणजे पाच जिने उतरायचे. सासऱ्यांना चालवायचं नाही. हात असलेली मजबूत खुर्ची, कमरेला बांधायला पट्टा, एक जण पाठीकडून आणि एक जण पायाकडून, तिसरा छोटा सिलिंडर आणि टॉर्च घेऊन. हे एकदा करून बघा, सासऱ्यांना न बसवता, आधी वजन ठेवून. जिन्याच्या वळणावर खुर्ची फिरते की नाही हे तिथेच कळेल. दोन शेजाऱ्यांना आधी विचारून ठेवा. स्पष्ट विचारा: “वेळ आली तर बाबांना खाली न्यायला याल का?” माणसं हो म्हणतात, फक्त रात्री दोन वाजता पहिल्यांदा विचारलेलं त्यांना गोंधळात टाकतं. वीज कार्यालयातही लेखी कळवून ठेवा की या घरात मशीनवर अवलंबून असलेला रुग्ण आहे. बऱ्याच ठिकाणी अशा घरांची नोंद ठेवतात. त्याने वीज लवकर येईलच असं नाही, म्हणून त्यावर विसंबू नका.

इन्सुलिनची काळजी थोडी कमी करा. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे चालतं, नेमका आकडा तिच्या कागदावर असतो. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांवर. वीज गेल्यावर घाबरून त्या थेट बर्फावर ठेवणं जास्त घातक, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. फ्रिज न उघडता ठेवला तर साधारण चार तास थंड राहतो, खच्चून भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यानंतर बाटल्या कपड्यात गुंडाळून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. शिजवलेलं अन्न मात्र चार तासांनंतर जपून बघा, आणि शंका आली की सासूबाईंच्या पानात तर नकोच.

पाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पाचव्या मजल्यावर वीज गेली की पंप बंद, आणि वरची टाकी संपली की नळ कोरडा. पिण्याला आणि थोड्या स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच जणांचं तीन दिवसांचं साठ लिटर. झाकणाच्या भांड्यांत भरून ठेवा, सहा महिन्यांनी बदला. संडासाचं वेगळं, इशारा आला की बादल्या भरून घ्यायच्या. पुरानंतर नळाला आलेल्या पाण्याचा भरवसा धरू नका. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. इंधन नसेल तर साधं, वास नसलेलं ५ ते ६ टक्क्यांचं ब्लीच, लिटरला दोन थेंब, आणि अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून, मग थेंब दुप्पट.

बाकीचं थोडक्यात. दहा हजार एमएएच लिहिलेली पॉवर बँक पाच हजारांचा फोन दोनदा नाही, दीडदा भरते. फोन लागत नसेल तर मेसेज पाठवा, तो जायची शक्यता जास्त. लांब राहणारा एक नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी आपली खुशाली त्याला कळवायची. औषधं दोन आठवड्यांची शिल्लक, प्रिस्क्रिप्शन आणि कागदपत्रांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, थोडी रोख. वीज गेल्यावर फ्रिज, टीव्हीचे प्लग काढा, एक दिवा चालू ठेवा म्हणजे आली की कळेल. तुटून पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब. इमारतीच्या तळाशी पाणी चढायला लागलं तर मीटरच्या खोलीतला मुख्य स्विच पाणी पोचायच्या आत बंद करायचा. पाण्यात उभं राहून त्याला कधीही हात लावायचा नाही. भूकंपात जिन्याकडे धावू नका, मजबूत टेबलाखाली डोकं झाकून थांबा. सासऱ्यांना पलंगावरून हलवू नका, उशीने डोकं-मान झाका. त्यांच्या पलंगाशेजारचं कपाट मात्र याच आठवड्यात भिंतीला पक्कं करून घ्या. आणि प्रत्येकाच्या पलंगाखाली चपला ठेवा, कारण फुटलेल्या काचांनी पाय कापतात.

सासऱ्यांशी कसं बोलायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ‘रोज का वादळ येतं?’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा आपण ओझं झालोय असं मनात म्हणत असतो. त्यांना यादी दाखवू नका. एखाद्या रविवारी, दिवसाउजेडी, सगळे घरी असताना, जवळ भरलेला सिलिंडर आणि ऑक्सिमीटर ठेवून, डॉक्टरांना आधी विचारून, मुख्य स्विच बंद करा. घड्याळ सासऱ्यांच्या हातात द्या. इन्व्हर्टर किती वेळ ओढतो, कोण कुठे अडखळतो, टॉर्च कुठे सापडत नाही, हे त्यांनाच लिहून घ्यायला सांगा. अलार्म वाजायच्या आधी सिलिंडर लावायचा आणि मग वीज सुरू करायची. हिशेब त्यांच्या अक्षरात असला की तो घरात सगळे मानतील, आणि मला खात्री आहे, दुसरा सिलिंडर आणा असं तेच म्हणतील.

आणि तुमच्या मुलीला काटा वाचायला शिकवा. तिच्या वयाला जमेल असं गणित आहे. सिलिंडर दहा लिटरचा, म्हणून काट्यावर जितके बार, त्याला दहाने गुणायचं, तेवढे लिटर. मिनिटाला दोन लिटर लागतात, म्हणून त्याला दोनाने भागायचं, तेवढी मिनिटं. काटा १०० वर असेल तर १००० लिटर, ५०० मिनिटं, आठ तास वीस मिनिटं. तिला एक वही द्या, सिलिंडरशेजारी पेन्सिल बांधून ठेवा. पुन्हा कधी अंधार झाला तर तिला आजोबांच्या तोंडाकडे बघत बसावं लागणार नाही. ती टॉर्च घेऊन काट्याकडे जाईल आणि येऊन तुम्हाला आकडा सांगेल.